आज काय मोडलं?

३ फेब्रुवारी

आले एकदाची. बस मला फाट्यावर टाकून निघून गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत मी बॅगेवर बसून राहिले, कारण समोरच्या तारेवर दोन पक्षी भांडत होते आणि कोण जिंकतं ते बघायचं होतं. कोणीच जिंकलं नाही. तेवढ्यात मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. मला न्यायला मिस्त्री आले होते. इथली सगळी यंत्रं तेच दुरुस्त करतात, तीन आठवड्यांनी एकदा येतात, आणि तोंड क्षणभर बंद ठेवत नाहीत. वाटेत त्यांनी विचारलं, यंत्रातलं काही कळतं का. मी म्हटलं, बऱ्यापैकी. ते म्हणाले, वा, इंजिनिअर बाई आल्या म्हणजे, आम्ही आता घरी झोपा काढायला मोकळे.

यंत्रातलं मला इतकंच कळतं की झेरॉक्सच्या दुकानात कागद अडकला की मशीनला डाव्या बाजूनं एक थापड द्यायची. पण फोनवर काकूंनाही मी हेच ठोकून दिलं होतं. नोकरी हवी होती.

काकू म्हणजे इथल्या मालकीणबाई. साठीच्या पुढच्या, उंच, कमरेपर्यंत करडी वेणी, आणि कामाला लागल्या की तिचा अंबाडा घालून त्यात पेन्सिल खोचतात. इतक्या मोठ्या जागेत एकट्याच राहतात. लांबट बैठं घर, मागं पत्र्याची शेड, विहीर, लिंबाची बाग, आणि बागेपलीकडं गवताचा मोठा उतार. माझी खोली शेवटची. खिडकीतून बाग दिसते. टेबलाचा खण जरा उचलून ओढला तरच उघडतो. माझी म्हणावी अशी ही पहिलीच खोली. दादाकडं मी हॉलमध्ये झोपायचे आणि दादाची मॅच संपेपर्यंत जागी असायचे.

ही वही वहिनीनं दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिही, डोकं जरा एका जागी राहील. दादा म्हणाला, आधी तिला एका जागी राहू दे. बेकरी, झेरॉक्स, बसचं बुकिंग, लग्नाचा हॉल, सगळीकडून मी कशी निघाले ते त्यानं वहिनीला परत एकदा ऐकवलं. मी ऐकत होते. दार उघडंच होतं.

इथं टिकणार मी. बघच तू, दादा.

६ फेब्रुवारी

कामं शिकतेय. सकाळी विहिरीवरचा पंप चालू करायचा. तो जुना आहे. मोटार एकीकडं, पंप एकीकडं, आणि दोन्हींवरून एक जाड पट्टा फिरतो. पट्ट्यावर जाळीचं झाकण. काकूंनी सांगितलं की झाकण उघडं ठेवून पंप लावायचा नाही. मग बागेला पाणी. मग उतारावरचं गवत कापायचं, त्याला खांद्यावर अडकवायचं पेट्रोलचं मशीन आहे. वीज गेली तर शेडमधला जनरेटर. त्याच्यातलं तेल कमी झालं की एक भोंगा वाजतो. भोंगा वाजला की बंद करायचा, तेल बघायचं, मग पुन्हा लावायचा. हे सगळं काकूंनी एकदाच आणि नीट सांगितलं. शेडच्या वाशावर एक कोळी होता, त्याचे मागचे पाय पट्ट्यापट्ट्यांचे. पण मी ऐकलं बहुतेक सगळं.

इथला एक नियम मजेदार आहे. मागच्या ओसरीवर एक लाकडी बाक आहे. त्यावर बसायचं नाही. त्यावर मोडलेल्या वस्तू ठेवायच्या. संध्याकाळी चहाला बसलो की काकू विचारतात, आज काय मोडलं? दुसऱ्या घरात आज भाजी काय विचारतात तसं. मग मोडलं असेल त्यानं ती वस्तू बाकावर ठेवायची आणि मी मोडली, अशी मोडली, म्हणून सांगायचं. झालं. ओरडा नाही, टोमणा नाही. मिस्त्री आले की बाकावरून उचलून कामाला लागतात.

पहिल्या दिवशी काकूंनी स्वतःच कप ठेवला. मी मोडला, विसळताना कान तुटला, असं माझ्याकडं बघून सांगितलं. मला हसू आलं. एवढी मोठी बाई, स्वतःचा कप, स्वतःचं घर, आणि हजेरी कोणाला देतेय तर मला. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, पोरी, मोड काय मोडायचं ते, पण इथं लपवू नकोस. मी म्हटलं, मी कशाला लपवू.

रात्री गाढ झोप लागली.

११ फेब्रुवारी

आज एक घाण काम झालं माझ्याकडून.

गवताच्या मशीनला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात मोजून ऑइल मिसळावं लागतं. शेडमध्ये दोन कॅन आहेत, एक मिसळलेल्याचा आणि एक साध्याचा. काकूंनी दोन्हींवर वेगवेगळ्या रंगाचा पट्टाही मारलाय. मी टाकी भरत होते तेव्हा एक खार कुठूनतरी कापसाचा बोळा तोंडात धरून चालली होती, तिच्या तोंडापेक्षा बोळा मोठा, आणि ती पडते की काय म्हणून मी बघत राहिले. भरला तो साधा कॅन.

अर्धा उतार झकास कापला. मग मशीन किंचाळलं. दुसरा शब्द नाही. किंचाळलं आणि एकदम गप्प. दोरी ओढली तर दोरी हलेना. आतला सगळा भाग जागच्या जागी चिकटून बसलेला. जळका वास. कॅनचा पट्टा बघितला. साध्याचा.

मशीन शेडमध्ये नेऊन पोत्याखाली सरकवलं. तेव्हाही मनात होतं की चहाला सांगायचं. अगदी वाक्यही जुळवलं होतं. पण काकू ओसरीत आल्या त्याच मुळी उताराकडं बघत. म्हणाल्या, एवढं सगळं सकाळच्या सकाळी? आधीचा गडी निम्मा दिवस विडी ओढण्यात घालवायचा. तुला खरंच येतं हं हे काम. मला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. बेकरीतही नाही, आणि तिथं मी पाव तरी बरे करायचे.

मग त्यांनी विचारलं, आज काय मोडलं?

मी म्हटलं, काही नाही, काकू.

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग बशीत बिस्किट ठेवून बशी माझ्याकडं सरकवली. ते बिस्किट मी खाल्लं. ते कसं खाल्लं मी, याचंच मला नवल वाटतंय.

१२ फेब्रुवारी

मशीन चालू झालं.

सकाळी पोतं काढलं, ओझं डोक्यावरून उतरवायचं म्हणून, काकूंकडं घेऊन जायचं म्हणून. सहज दोरी ओढली तर पहिल्या ओढीत सुरू. आणि कसं, तर लोण्यासारखं. पहिल्या दिवशी खडखडत होतं तेवढंही नाही. गार झाल्यावर सुटलं असेल. असं होत असणार यंत्रांचं. आपल्याला कुठं कळतं.

मग सांगण्यासारखं उरलंच काय? चालतंय की.

चहाला काकू भिंत धरून आल्या. उजवा गुडघा सकाळी उठल्यापासून वळेना. म्हणाल्या, वंगण संपल्यासारखं झालंय, आतून हाडावर हाड घासतंय. मी तेल चोळून दिलं. गुडघा हाताला लाकडासारखा लागत होता. त्यांनी विचारलं, आज काय मोडलं. मी म्हटलं, काही नाही.

१५ फेब्रुवारी

दादाचा फोन आला होता. मी बागेत होते, फोन ओसरीत, काकूंनी उचलला. मी पळत आले तर त्या दादाला सांगत होत्या की तुमच्या बहिणीच्या हाताला गुण आहे, आमची जुनी यंत्रं हिच्या हाताखाली सरळ झालीत. मग मला फोन दिला. दादा म्हणाला, ऐकून बरं वाटलं गं. चेष्टाही केली नाही.

ऊर भरून यायला हवा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काकूंच्या गुडघ्याकडं बघत होते. त्यांनी आता काठी घेतलीय, शेडमधल्या खोऱ्याचा दांडा कापून केलेली. म्हणाल्या, माझंही आता दुरुस्तीला आलं.

सांगावंसं वाटलं. पण आता काय सांगायचं? चालू असलेल्या मशीनबद्दल मी मोडलं म्हणून सांगायचं? हसतील. असं मीच मला समजावलं. हसल्या नसत्या, हे मला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी

पंपाच्या पट्ट्यावरची जाळी मी काढून ठेवत होते. रोज. पट्टा फिरताना बघायला आवडतं म्हणून. त्यावर एक पांढरा डाग आहे, तो येतो आणि जातो, बघता बघता मला दुसरंच काहीतरी सुचत राहतं. आज मी स्टीलचा पेला मोटारीच्या कट्ट्यावर ठेवला होता. थरथरत थरथरत कडेला आला आणि पडला आत. फटका बसल्यासारखा आवाज. पट्टा तुटून भिंतीवर आदळला. माझ्या तोंडावर बसला असता.

बागेला अर्धंच पाणी मिळालं. तुटलेला पट्टा गुंडाळून खोलीत आणला आणि खणात कोंबला. खण उचलून लावावा लागतो. दोनदा निसटला.

चहाला ठरवून गेले होते. आज सांगायचंच. काकूंनी काठी टेकवली, बसायला वेळ लागला, बसल्या, दम घेतला. विचारलं, आज काय मोडलं? मी तोंड उघडलं. आणि त्या माझ्याकडं इतक्या विश्वासानं बघत होत्या की

काही नाही, म्हटलं मी.

१९ फेब्रुवारी

दात घासत होते तर पंप सुरू असल्याचा आवाज आला.

पंप मी लावला नव्हता. काकू तिथवर चालत जाऊ शकत नाहीत. मिस्त्रींचा दिवस नव्हता. जाऊन बघितलं तर पट्टा फिरतोय. जाळी नीट बसवलेली. जाळीतून बघितलं. पट्टा काळा नाही, करडा आहे. बटण बंद केलं, तो मंद होत थांबला, आणि तेव्हा दिसलं की तो विणलेला आहे. तीन पेडी. घट्ट, सफाईदार, कुठं गाठ नाही. बोट लावलं. मऊ. बोटाला काकूंच्या केसांच्या तेलाचा वास आला.

लिंबाच्या झाडाखाली उलटी झाली.

घरात आले तर काकू डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या. घट्ट, कपाळापर्यंत. मागं अंबाड्याचा उंचवटा नाही. पेन्सिल टेबलावर पडलेली. मी रुमालाकडं बघतेय हे त्यांना कळलं. म्हणाल्या, उन्हाळा येतोय, हलकं वाटतं. आवाज अगदी नेहमीचा. मग माझ्यावरून नजर काढेनात. वाट बघत होत्या. मला कळत होतं त्या कशाची वाट बघतायत. मी म्हटलं, चहा टाकते. आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

पळून जावं असं डोक्यात आलं. बॅगही काढली. पण बॅग घेऊन त्यांच्यासमोरून जायचं कसं?

२२ फेब्रुवारी

लाइन गेलीय. कुठंतरी खांब पडला म्हणे, दोन-चार दिवस येणार नाही. जनरेटर लावला. दुपारी भोंगा वाजायला लागला. बंद करायचा, तेल बघायचं, माहीत होतं मला. पण तेलाचा डबा रिकामा होता आणि तो आणायला फाट्यापर्यंत जावं लागलं असतं. आणि तो भोंगा डोक्यात घुसत होता. सारखा, एका सुरात, जणू घरभर कोणीतरी माझं नाव सांगत फिरतंय. काकू ऐकतील, विचारतील.

पकड घेतली आणि भोंग्याची वायर कापली.

हे चुकून नाही झालं. खार नव्हती, कोळी नव्हता. मी बघून, वायर चिमटीत धरून कापली.

भोंगा थांबला. काय बरं वाटलं. जनरेटर आणखी थोडा वेळ चालला, मग आतून काहीतरी फुटल्यासारखा ठोका आला आणि बंद पडला. घरातले दिवे, फ्रीज, सगळं गेलं.

काकूंनी विचारलं. मी म्हटलं, पेट्रोल संपलं असेल, उद्या बघते. मोडलं काही नाही.

२३ फेब्रुवारी

जनरेटर चालू आहे. सकाळपासून.

मध्येच भोंगा वाजतो. वायर कापलेलीच आहे. दोन्ही टोकं लोंबतायत, मध्ये हातभर हवा. तरी वाजतो. थोडा वाजतो, थांबतो. जणू ऐकतोय.

काकूंना हाक मारली की आता दोनदा मारावी लागते. डावा कान पुढं करून ऐकतात. काय म्हणालीस, काय म्हणालीस.

२५ फेब्रुवारी

मिस्त्री आले. नेहमीसारखे आरडाओरडा करत, इंजिनिअर बाई, काय ठेवलंय आमच्यासाठी म्हणत. बाक रिकामा. विहिरीवर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा तोंड बंद. तो माणूस गप्प बसू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

मला शेडमागं नेलं आणि उजवा हात पुढं धरला. दोन बोटं नाहीत. मी पहिल्याच दिवशी टेम्पोत बघितलं होतं, मशीनमध्ये गेली असतील असं धरून चालले होते. म्हणाले, मशीनमध्ये नाही गेली, मशीनला गेली. माझ्या हाताखालच्या एकानं कडबा कापायच्या यंत्राचे दोन दात मोडले आणि मला म्हणाला काही नाही झालं. मी विश्वास ठेवला. सकाळी यंत्राला दात होते.

म्हणाले, ही जागा काही मोडलेलं ठेवत नाही. सांगितलं तर आपण दुरुस्त करतो. लपवलं तर ती करते. आणि सामान घेते ते तू जिला खोटं सांगितलंस तिच्यातून. लपलेलं राहील तोवर घेत राहते. मी विचारलं, तुम्ही सांगितलं तर? ते म्हणाले, माझं चालत नाही. काकूंनी अंदाजानं ओळखलेलंही चालत नाही. मोडणाऱ्यानं स्वतः सांगायचं आणि जिला खोटं सांगितलं तिच्यापर्यंत ते पोचायचं. म्हणून तर बाई रोज विचारते गं. तुला काय वाटलं, करमत नाही म्हणून?

चहाला मी सांगितलं. खणातला पट्टा आणून बाकावर ठेवला. गवताचं मशीन ठेवलं. मान वर होत नव्हती. मशीन मी जाळलं, पट्टा मी तोडला, दोन्ही वेळा तुम्हाला खोटं सांगितलं. काकू कान पुढं करून ऐकत होत्या. शेवटचा शब्द झाला आणि विहिरीवर पंप थांबला. तिथं उभे असलेले मिस्त्री ओसरीत आले. ते म्हणाले, पट्टा सुटून केसांचा ढीग पडला खाली. गेले ते गेले, परत काही येत नाही. पण घेणं थांबलं.

काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सुटलीस, म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. मग विचारलं, एवढंच ना?

शेडमध्ये जनरेटर चालू होता. मला ऐकू येत होता. मिस्त्री माझ्याकडं बघत होते.

पहिल्या दोन चुका होत्या. चुका माणसाकडून होतात. ही चूक नव्हती, वायर मी हातानं कापली होती, आणि त्यांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. हे सांगितलं असतं तर तो हात

मी म्हटलं, हो काकू, एवढंच.

मिस्त्रींनी मान फिरवली.

२६ फेब्रुवारी

काकूंना काही ऐकू येत नाही.

मी दार आपटलं. पातेलं पाडलं. त्या खिडकीशी बसून बागेकडं बघत होत्या, हलल्या नाहीत. भोंगा आता खणखणीत वाजतो. फाट्यापर्यंत जाईल असा.

जनरेटर बंद केला तरी बंद होत नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळ

सांगितलं. ओरडून सांगितलं, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन. जनरेटर मी मोडला, वायर मी कापली. त्या माझ्या ओठांकडं बघत राहिल्या आणि माझा गाल पुसला. जनरेटर चालूच.

हाताला धरून शेडमध्ये नेलं. पाय ओढत आल्या. कापलेली वायर दाखवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. मी. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, हो, माहीतय, तू करशील नीट, तुझ्या हाताला गुण आहे.

माझ्या छातीवर अजून बोट होतं.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, तिला वाचता येतं ना, मग लिही. माझ्याशी काय बोलत बसलीस.

२७ — दुपार

काकू समोर बसल्यात. डावं पान त्यांच्यासाठी. लिहितेय.

काकू, लाइन गेली त्या दिवशी भोंगा फार वाजत होता आणि तो कशासाठी असतो ते मला कोणी नीट सांगितलं —

सांगितलं होतं. तुम्हीच सांगितलं होतं. खोडलं.

काकू, आधी एक सांगते, मी मनानं वाईट नाही, फक्त तुम्ही पहिल्यांदाच मला —

खोडलं. असं नाही.

शेडवरचा दिवा, जनरेटरवर चालतो तो. सकाळपासून पिवळा, मिणमिणता होता. आता पांढरा होत चाललाय. भर उन्हात. खिडकीतून डोळ्यांना टोचतोय —

लवकर —

जनरेटरची वायर मी कापली. पकडीनं. मुद्दाम. त्यानं तो फुटला. मी मोडला. तुम्हाला खोटं सांगितलं. काकू, मी मोडला.

हे पान त्यांच्याकडं केलंय. मी उजव्यावर. हसल्या त्या. ओळीवर बोट ठेवलं. वाचतायत. बोट सरकतंय — दुसरी ओळ — तिसरी —

जनरेटर अजून चालू का आहे —

बोट ओळीवर थांबत नाही. खोडलेल्यावरूनही तसंच. पानाच्या कडेवरून खाली उतरलं. टेबलाच्या लाकडावर सरकतंय, सावकाश, डावीकडून उजवीकडं —

विचारतायत, पोरी, दिवे गेले का. कधी लिहिणार, मी थांबलेय —

काकू, इथं. हे इथं लिहि